‘जनुक तपासा, बेरिलियमचा धोका संपवा’ हा दावा का चुकीचा आहे

कारखान्यांच्या वर्तुळात एक दावा बराच फिरतो आहे: बेरिलियमच्या धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार ठरावीक जनुक असलेल्यांनाच होतो, म्हणून भरतीच्या वेळी जनुक तपासा, ते नसलेल्यांना लेथवर उभे करा, म्हणजे प्रश्न मिटला. या दाव्याचा पाया खरा आहे, आणि म्हणूनच तो सहज पटतो.

खरे काय ते आधी. एचएलए-डीपीबी१ हे रोगप्रतिकारक यंत्रणेतले एक प्रथिन घडवणारे जनुक आहे. त्याच्या काही प्रकारांत प्रथिनाच्या ६९व्या जागी ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल असते. १९९३च्या अभ्यासात हा बदल ९७ टक्के रुग्णांत आढळला; बेरिलियमच्या संपर्कात येऊनही निरोगी राहिलेल्यांत तो ३० टक्के होता. त्या जागेभोवती ऋणभारित खाच असते. बेरिलियमचा आयन तिथे रुतून बसतो, आपल्याच प्रथिनाचा तुकडा किंचित वेगळा दिसू लागतो आणि रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या सीडी४ टी पेशी त्याला परके समजून चवताळतात. फुप्फुसात ग्रॅन्युलोमाच्या गाठी होतात, पुढे ऊती कडक होतात.

‘जनुक नाही, म्हणजे धोका नाही.’ नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा बदल नसलेले रुग्णही सापडले. त्यांच्यातल्या काहींत डीआरबी१ जनुकात ७१व्या जागी ग्लुटामिक आम्ल होते, म्हणजे बेरिलियमला बसायला दुसरी जागा मिळाली. अशा कामगाराला ‘तू सुरक्षित आहेस’ असे सांगणे म्हणजे त्याचा मास्क उतरवणेच.

‘जनुक आहे, म्हणजे आजार होणारच.’ इथे आकडेमोड करून पाहावी. समजा १००० कामगार आहेत, ३५० जणांत हा बदल आहे, आणि एकूण ५० जण आजारी पडतात, त्यांतले ४३ बदल असलेले. म्हणजे ३५०पैकी ३०७ जणांची नोकरी विनाकारण गेली, आणि ‘निर्धास्त’ ठरवलेल्या ६५०मधून ७ रुग्ण निघालेच. आकडे उदाहरणापुरते आहेत. पण बदल इतका सर्रास आढळतो आणि आजार तुलनेने विरळ आहे, म्हणून भरतीची चाळणी म्हणून ही चाचणी निकामी ठरते.

‘धूळ दुय्यम.’ उलट, बदल असूनही धुळीपासून दूर राहिलेल्याला धोका कमी. बदल आणि मशीनिंगचे काम एकत्र आले की तो कैक पटींनी वाढतो. जनुक बदलता येत नाही, धूळ मात्र कमी करता येते. अमेरिकेत दर घनमीटर हवेत २ मायक्रोग्रॅमची मर्यादा अनेक दशके चालली आणि त्या मर्यादेखालीही लोक आजारी पडले. २०१७च्या नियमाने आठ तासांची सरासरी ०.२ मायक्रोग्रॅमवर आणली. तांब्या-बेरिलियमच्या मिश्रधातूत बेरिलियम जेमतेम २ टक्के असते, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण ग्राइंडिंग आणि पॉलिशिंगमध्ये बारीक धूळ उडाली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यामुळे धूळ जिथे उठते तिथेच ओढून घ्यावी. साफसफाई हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने करावी. कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा बंद. कामाचे कपडे आणि बूट घरी नेऊ नयेत. त्यांवरच्या धुळीने घरचेही आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. हातमोजेही हवेत, कारण संवेदनशीलता, म्हणजे शरीर बेरिलियमविरुद्ध भडकू लागणे, त्वचेवाटेही निर्माण होऊ शकते.

‘भरतीच्या वेळी एकदा तपासले की पुरे.’ जनुक-चाचणी फक्त कल सांगते. शरीर बेरिलियमविरुद्ध आधीच भडकले आहे का, हे रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी बेरिलियमच्या क्षारांसोबत वाढवून पाहावे लागते. या चाचणीसाठी पेशी जिवंत लागतात, म्हणून नमुना शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा. एकाच निकालावर निदान करू नये: दोन असामान्य, एक असामान्य व एक सीमारेषेवरचा, किंवा तीन सीमारेषेवरचे निकाल आले, तरच चाचणी पक्की सकारात्मक मानतात. पक्की ठरली तरी तिचा अर्थ संवेदनशीलता, आजार नव्हे. आजाराच्या निदानासाठी ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिकांची तपासणी) आणि बायॉप्सी (ऊतीचा तुकडा काढून तपासणे) लागते.

संपर्क आणि आजार यांत काही महिने ते काही दशके जाऊ शकतात, काम सोडल्यावरही. बायॉप्सीतल्या गाठी सार्कॉइडोसिस या, नेमके कारण माहीत नसलेल्या, आजारातल्या गाठींसारख्याच दिसतात, आणि डॉक्टरांनी धातूच्या कामाबद्दल विचारले नाही तर तेच निदान कायम राहते. म्हणून सार्कॉइडोसिस सांगितले गेलेल्या प्रत्येक जुन्या टर्नर किंवा ग्राइंडरने आपण कोणता मिश्रधातू, किती वर्षे हाताळला, हे न विचारताच सांगावे आणि लिम्फोसाइट चाचणीची मागणी करावी.