साखर सोडली, दूध सोडलं, आणि नऊ किलो उतरले

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी आत्तेसासूबाईंचा फोन आला. ‘साखर बंद कर हो. साखर म्हणजे कॅन्सरचं खाद्य.’ मी तेव्हा अजून नारळपाण्यावर होते.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. पुढे किमोच्या आठ सायकली, दर तीन आठवड्यांनी एक. पहिली संपेपर्यंत घरातून साखर, दूध, गहू, बटाटा हद्दपार झाले होते. सकाळी गव्हांकुराचा रस, दुपारी कारल्याचा, संध्याकाळी पपईच्या पानांचा काढा. सांगणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. आणि खरं सांगते, मलाही बरं वाटत होतं. सलाइन, गोळ्या, तारखा सगळं दुसऱ्यांच्या हातात, निदान ताट तरी माझ्या हातात होतं.

छप्पन्नची सत्तेचाळीसवर आले. जुलाब थांबेनात, रक्ताचे काउंट खाली, तिसरी सायकल दोन आठवडे पुढे ढकलली. डॉक्टरांनी विचारलं, ‘जेवता काय?’ ह्यांनी मोठ्या अभिमानानं यादी वाचून दाखवली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘कॅन्सर त्याचं जेवण शोधून घेतो. उपास तुम्हाला घडतोय.’

साखरेची गोष्ट हवेतून आलेली नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात, हे ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १९२०च्या दशकातच पाहिलं होतं. पेट स्कॅन त्यावरच चालतो. किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात आणि ते जिथे जास्त ओढलं जातं ती जागा उजळते. पण त्याच स्कॅनमध्ये मेंदूही लख्ख उजळतो. त्याला उपाशी ठेवायचं का? शिवाय तुम्ही साखर खा नाहीतर खाऊ नका, यकृत ग्लुकोज बनवतंच. बाहेरून मिळालं नाही तर स्नायू मोडून बनवतं. माझ्या मांड्या कुठे गेल्या ते मला तेव्हा समजलं.

मग डॉक्टरांनी एका आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. तिनं सांगितलं, वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रोटीन. म्हणजे मला सत्तेचाळीस ते सत्तर. माझ्या रसांच्या दिवसाचा हिशोब मांडला तर वीसही भरेनात. शिवाय किमोच्या गोळ्या जेवण झाल्यावर अर्ध्या तासात घ्यायच्या होत्या. मी त्या रसावर घेत होते!

एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘गॅलरीत उकडा. पण उकडा.’ तेव्हापासून गॅलरीत एक जुनी शेगडी आणि कान तुटलेलं पातेलं आहे. बाकी सगळं आपलंच. मुगाची मऊ खिचडी, घरी लावलेलं दही, मेतकूट-भात, शेंगदाण्याचा लाडू, तोही गूळ घालून. तोंडाला पत्र्याची चव यायची म्हणून स्टीलचा चमचा बंद, लाकडी चालू.

आणि गार काही नाही. सलाइनमधून जायचं ते किमोचं औषध म्हणजे ऑक्झालिप्लॅटिन. त्यानंतर काही दिवस गार वस्तूला हात लावला की करंट बसल्यासारखं व्हायचं. एकदा सवयीनं फ्रीजमधून दुधाचं पातेलं काढलं आणि सगळं दूध फरशीवर. दुसऱ्या दिवशी ह्यांनी फ्रीजच्या दाराला माझे महाबळेश्वरचे लोकरी हातमोजे अडकवून ठेवले. गारेगार रस प्या म्हणणाऱ्यांना हे कुठे माहीत असतं?

याच दिवसांत, नोव्हेंबर २०२४मध्ये, नवज्योतसिंग सिद्धूंचा तो व्हिडिओ आला. पत्नीच्या कॅन्सरवर हळद, कडुनिंब, लिंबूपाणी, साखर-दूध बंद, वगैरे. मला तो अकरा जणांनी पाठवला. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी सह्या करून सांगितलं की याला भक्कम पुरावा नाही, उपचार सोडू नका. ते पत्रक मला एकानं पाठवलं. सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि किमोही झाली होती, आणि आहार डॉक्टरांना विचारूनच होता असं त्यांनीही नंतर सांगितलं. ते कोण फॉरवर्ड करतंय!

म्हणजे आपल्या हातात काहीच नाही असं नाही. चालणं आहे. जून २०२५मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. माझ्याच आजाराचे ८८९ पेशंट, बहुतेक कॅनडा-ऑस्ट्रेलियातले, सगळ्यांचं ऑपरेशन आणि किमो झालेले. अर्ध्यांना व्यायामाची फक्त माहितीपुस्तिका दिली, अर्ध्यांना तीन वर्षं मागे लागून व्यायाम करायला लावला. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांपैकी ९० टक्के हयात, पुस्तिकावाल्यांपैकी ८३. व्यायाम म्हणजे काही डोंगर उचलायचा नव्हता. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास भरभर चाललं तरी पुरे. आमच्या साताऱ्यात ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत जाऊन येण्याइतकं. पहिल्या आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचले आणि त्याच्या पायरीवर बसले. दुकानदारानं न विचारता पाणी दिलं. साधं, गार नाही.

एक गंमत बघा. साखर सोडा म्हणणारे पन्नास भेटले. चल, फिरायला येते म्हणणारी एकच, खालच्या मजल्यावरची.

वजन आता त्रेपन्न. तुमचा आजार वेगळा, शुगर असेल, तोंडाचा किंवा जठराचा कॅन्सर असेल तर हिशोब सगळाच बदलेल, तेव्हा माझं ताट उचलून नेऊ नका. आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि काय काय रस चालू आहेत तेही लपवू नका.

कमेंटमध्ये रस सुचवू नयेत ही नम्र विनंती. प्रोटीनचा एखादा झटपट पदार्थ असेल तर जरूर लिहा. फक्त नाचणीचं सत्त्व नको. भेटायला आलेल्यांनी आणलेलं अडीच किलो अजून डब्यात आहे.