लॅट्रोबची 'मूळ पत्रे' म्हणजे नेमके काय?

अमेरिकेच्या संसदभवनाचा, म्हणजे कॅपिटॉलचा, वास्तुशिल्पी बेंजामिन हेन्री लॅट्रोब याच्यावरचा लेख आवडला, पण 'बाल्टिमोरमध्ये लॅट्रोबची मूळ पत्रे आहेत' हे वाक्य दुरुस्त करावे. तिथल्या पत्रवह्यांत आहेत त्या १८०३ नंतर पॉलिग्राफवर काढलेल्या प्रती. या यंत्रात दोन लेखण्या दांड्यांनी जोडलेल्या असतात. एक हातात धरून लिहिले की दुसरी शेजारच्या कागदावर तेच उमटवते. म्हणून प्रतीतही अक्षर त्याचेच दिसते आणि फसगत होते. (आधीच्या दाबयंत्रात ओलसर, पातळ कागदावर शाई उलटी उतरे, ती मागून वाचावी लागे. त्यापुढे ही प्रत किती सुवाच्य!) मात्र सांधे ढिले झाले किंवा कागद सरकला की ओळी तिरक्या जातात, शब्द तुटतात. अशा जागी अंदाज न बांधता पाठवलेले पत्र पाहावे. राष्ट्राध्यक्ष जेफरसनला गेलेली बरीच पत्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. कॅपिटॉलचे बरेच नकाशेही तिथेच.

पत्र आणि नकाशा तारखेने जुळवून वाचणे फार गरजेचे आहे. उदाहरणार्थ, कॅपिटॉलमधल्या प्रतिनिधिगृहाच्या छतात काचा बसवायचा जेफरसनचा आग्रह होता. गळती आणि आत साचणारा दमटपणा यांमुळे लॅट्रोबचा विरोध. नुसत्या नकाशावरून हा वाद कळतच नाही.