मालेविचचा तो हात: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. सोव्हिएत चित्रकार काझिमिर मालेविचच्या अखेरच्या व्यक्तिचित्रांवरचा माझा लेख तुम्ही वाचलात आणि चांगलं धारेवर धरलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९१५ साली पांढऱ्यावर काळा चौकोन रंगवून माणसं, वस्तू, निसर्ग असं सगळं चित्राबाहेर काढणारा चित्रकार १९३३ मध्ये बायकोची आणि स्वतःची नाकडोळ्यांची चित्रं काढत बसतो. ही स्टालिनच्या राजवटीपुढची शरणागती, आणि मी तिला 'घरी परतला' असं गोंडस नाव दिलं. शिवाय १९३० मधली त्याची अटक मी गाळली.

आधी अटकेचं. चूक माझी. लेनिनग्राडमध्ये त्याला चौकशीसाठी कित्येक आठवडे डांबून ठेवलं होतं. लेख फार लांबतोय म्हणून काटछाट केली, त्यात नेमका तोच परिच्छेद उडाला. तो गेल्यावर बाकीचं सगळं विनाकारण गोड वाटू लागतं, हे तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं.

पण 'अटक झाली, घाबरला, माणसं काढू लागला' हा क्रम मात्र जुळत नाही. माणसं त्याच्या चित्रांत १९२८ च्या सुमारासच परत आली होती. १९२७ मध्ये तो बर्लिनला प्रदर्शनासाठी गेला. तिथून त्याला घाईनं परत यावं लागलं आणि सत्तरएक कामं तिकडेच राहिली, ती त्याला पुन्हा कधी मिळाली नाहीत. दोन वर्षांनी मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा दाखवायला चित्रंच अपुरी. मग पठ्ठ्यानं तरुणपणीच्या शैलीत नवी चित्रं रंगवली आणि त्यांवर जुनी सालं टाकली! अभ्यासक कितीतरी वर्षं त्या तारखांना फसले. तेव्हा 'घरी परतला' हे माझे शब्द चुकलेच, पण तुम्ही म्हणता त्या कारणानं नाही. ज्या घरी तो परतला ते त्यानं तेव्हाच उभं केलं होतं, वरची तारीख तेवढी जुनी.

दबाव होता का? होताच, आणि अटकेच्या आधीपासून. तो ज्या कलासंस्थेचा प्रमुख होता ती १९२६ मध्येच बंद पाडली गेली. म्हणून भीतीचा भाग मी नाकारत नाही. फक्त घाबरलेल्या माणसानं काय काढलं ते बघा. सामूहिक शेतीची सक्ती सुरू झाली त्या काळातले त्याचे शेतकरी: उभे, ताठ, रंगीत, आणि चेहऱ्याच्या जागी कोरा लंबगोल. सरकारला हवा होता तो हसरा, धष्टपुष्ट, ट्रॅक्टरवाला शेतकरी. खुशामतच करायची तर इतकी वाईट कोण करील?

आता १९३३ चं आत्मचित्र, ज्याला तुम्ही 'सपशेल माघार' म्हणालात. अंगावर इटालियन प्रबोधनकाळातल्यासारखा पोशाख. सोव्हिएत चित्रकार, तोही त्या वर्षी! छातीच्या खाली हात पुढे आलेला आहे. चार बोटं जुळलेली, सरळ. अंगठा त्यांच्यापासून फटकून. बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी धरलंय, पण हातात काहीच नाही. मी आरशासमोर उभं राहून तसा हात धरून पाहिला (घरात कोणी नव्हतं ते बरं). आपोआप काटकोन होतो, आणि बोटं अवघडतात. सहज पडलेला हात असा राहत नाही, तो मुद्दाम ठेवावा लागतो. न दिसणाऱ्या चौकोनाची कड तो दाखवतोय असं काही समीक्षक म्हणतात. आरसा सोडून आल्यावर मलाही तेच पटलं. त्याच वर्षीची कामगार स्त्री बघा: तिचे हात तान्हं मूल कडेवर घेतल्यासारखे, आणि मूल नाही.

आणि आत्मचित्राच्या खालच्या कोपऱ्यात, सहीच्या जागी, एक छोटा काळा चौकोन.

माघार घेणारा माणूस आपलं जुनं निशाण असं कोपऱ्यात रोवून ठेवतो का? कदाचित ठेवतोही, लपवून. एवढी जागा मी तुमच्यासाठी सोडतो.

एका बाबतीत मात्र मी हटणार नाही. अमूर्ताकडून माणसाकडे येणं म्हणजे पायऱ्या उतरणं, हे तुम्ही गृहीतच धरलंय. अमेरिकन चित्रकार फिलिप गस्टनचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क, १९७०. त्याच्यावर ना अटक, ना फर्मान. अमूर्त चित्रांवर नाव झालेलं असताना त्यानं मार्लबरो गॅलरीत टोपडीवाले गुंड, बूट, सिगारेटी अशी ओबडधोबड चित्रं लावली, आणि समीक्षकांनी झोडपून काढलं. आपलेच लोक दुरावले. तिथे स्टालिन नव्हता, तरी शिवी तीच: फितूर. तेव्हा या रागातला किती भाग राजवटीबद्दल असतो आणि किती आपल्याच अपेक्षाभंगाबद्दल, ते एकदा तपासायला हवं. माझाही धरून.

बायकोच्या चित्राबद्दल तुम्ही लिहिलंत, 'नुसतं सुबक'. असेल. ते मला तुमच्याइतकं खटकत नाही, पण त्यावर भांडायला माझ्याकडे मुद्दा नाही.

मूळ लेखात अटकेचा परिच्छेद परत घातलाय. 'घरी परतला' काढलंय. त्या जागी दुसरं काही नेमकं सुचेना, म्हणून सध्या 'पुन्हा माणसं काढू लागला' एवढंच ठेवलंय.