फिशरचा ‘शतकातील डाव’ ज्युनिअर स्पर्धेतला नाही

बुद्धिबळातल्या ‘शतकातील डावा’बद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे: ‘1956 च्या अमेरिकन ज्युनिअर अजिंक्यपद स्पर्धेत 13 वर्षांच्या बॉबी फिशरने किंग्ज इंडियन खेळत जगज्जेत्या बर्नला हरवलं. वजिराचा बळी दिला आणि लगेच मात!’ यात वय, वर्ष, बर्नची हार आणि वजिराचा बळी तेवढा बरोबर आहे.

ज्युनिअर विजेतेपद फिशरने जुलैत, फिलाडेल्फियात मिळवलं. हा डाव 17 ऑक्टोबरचा, न्यूयॉर्कच्या रोझेनवाल्ड स्पर्धेतला. तिथे देशातले निवडक 12 खेळाडू निमंत्रित होते. म्हणजे समोर मुलं नव्हती, मुरलेले मोठे खेळाडू होते. डोनाल्ड बर्न ‘यूएस ओपन’ या बुद्धिबळ स्पर्धेचा 1953 चा विजेता. जगज्जेता मात्र तेव्हा बॉटविनिक होता.

ओपनिंगबद्दलची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या पद्धतीबद्दलची चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण डावाचा जीवच तिथे आहे. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या फिशरच्या पहिल्या चार चाली किंग्ज इंडियन या ओपनिंगसारख्या दिसतात हे खरं: घोडा एफ6, प्यादं जी6, उंट जी7 (ही पटावरच्या घरांची नावं), कॅसलिंग (राजाला हत्तीसोबत कडेला सुरक्षित नेणारी चाल). पण पाचव्या चालीला फिशरने प्यादं डी6 वर न ठेवता थेट डी5 वर ढकललं. हा ग्रुनफेल्ड बचाव, म्हणजे वेगळंच ओपनिंग. पांढऱ्याला मध्यावर प्यादी मांडू द्यायची आणि मग मोहऱ्यांनी तीच फोडायची. बर्नने ई4 खेळून मध्य घेतला, पण 11 व्या चालीत कॅसलिंगची तयारी सोडून आधीच बाहेर काढलेला उंट पुन्हा हलवला. त्यावर फिशरचा घोडा ए4 वर! तो मारला, तर दुसरा घोडा ई4 चं प्यादं घेतो आणि वजीर व उंट दोघांवर एकदम हल्ला करतो. माझ्या मते वजिराच्या बळीपेक्षा ही चाल मोठी. पुढचं सगळं तिच्यातून आलं.

आणि तो बळी? 17 व्या चालीत फिशरने उंट ई6 वर आणून वजीर मारायला मोकळा सोडला. बर्नने तो उंट मारला असता, तर घोड्याने कोंडमात होती, म्हणजे स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला मात. त्याने वजीर घेतला, आणि फिशरने उघडशहांच्या (एक मोहरा हलला की मागच्या मोहऱ्याने बसणारा शह) माळेत आणि त्यानंतर मिळून एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं वसूल केलं. मात झाली 41 व्या चालीला. ‘लगेच’ काहीच घडलं नाही.

‘शतकातील डाव’ हे नाव बुद्धिबळ लेखक हान्स क्मॉख यांनी दिलं. त्याच स्पर्धेत फिशरला 11 डावांत साडेचारच गुण मिळाले. पहिला आला रेशेव्स्की. त्याला मागे टाकून फिशर अमेरिकेचा विजेता झाला, तो 1957-58 च्या स्पर्धेत.