ब्रेकचे बोल्ट जीव खाऊन आवळू नका

ब्रेक पॅड घरीच बदलणाऱ्यांच्या ग्रुपांत एक सल्ला सारखा फिरतो: ‘ब्रेकचे बोल्ट जितके घट्ट तितके चांगले. पान्याला पाईप लावा, आट्यांना ग्रीस चोपडा, वायसर जुनेच चालतात. टॉर्क रेंचवर (ठरवलेला जोर आला की आवाज देणाऱ्या पान्यावर) पैसे घालवू नका, जुने फिटर कुठे वापरतात? आवळून झालं की गाडी काढा.’ सैल बोल्ट जीवघेणा, एवढं त्यातलं खरं.

‘जितके घट्ट तितके चांगले.’ बोल्ट आवळला की किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच धरून ठेवतो. मर्यादेबाहेर ताणलात की तो मूळ लांबीवर येत नाही. पकड वाढायची सोडून जाते. शिवाय ब्रेकचे सगळे बोल्ट एका जातीचे नसतात. बहुतेक छोट्या गाड्यांत स्लाइड पिनचा (कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, ज्यावर सरकतो त्या पिनचा) बोल्ट २५ ते ३५ न्यूटन-मीटरवर (पिळण्याच्या जोराचं माप) आवळतात, कॅलिपर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचे ८० ते १२० च्या आसपास, आणि ब्लीडिंग निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू) जेमतेम १० वर. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. निपल आतून पोकळ असतो, शिवाय त्याला आडवं भोक पाडलेलं. टोकाचा निमुळता भाग जागेवर टेकला की ऑइल थांबतं. त्यानंतरही पिळत राहिलात तर तो भोकापाशी मोडतो, तुकडा आत अडकतो आणि कॅलिपर घेऊन लेथवाल्याकडे जायची वेळ येते.

‘पाईप लावा.’ बारा-तेराचा पाना आखूड, सोळा-सतराचा लांब, हे उगाच नाही. २० सेंमी पान्याच्या टोकाला १५ किलोचा जोर दिला की साधारण ३० न्यूटन-मीटर होतात. पाईप घालून तोच ६० सेंमी केला, तर तेवढ्याच जोरात जवळपास ९०. स्लाइड पिनचा बोल्ट तिथे कामातून गेला.

जुन्या फिटरचा हात याच पान्यांवर, रोज, पाईपशिवाय बसलेला असतो. वर्षातून एकदा पाना धरणाऱ्याने रेंच उसना का होईना आणावा. फक्त त्यावरचं एकक बघून घ्या: फूट-पाउंडवर ३० लावलेत तर सुमारे ४० न्यूटन-मीटर होतात. आणि एकदा ‘टक’ वाजलं की थांबा. खात्रीसाठी अजून दोनदा वाजवायची हौस नको.

‘ग्रीस चोपडा.’ हा सल्ला सगळ्यात फसवा, कारण पुढच्या वेळी बोल्ट खरंच पटकन सुटतो. पण आवळताना लावलेला बहुतेक जोर घर्षणातच जातो आणि मॅन्युअलचा आकडा सहसा स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावून तोच आकडा गाठलात की बोल्ट जास्त ताणला जातो. ग्रीस हवं ते स्लाइड पिनच्या गुळगुळीत अंगाला, तेही रबराला चालणारं सिलिकॉनचं. साध्या ग्रीसने पिनवरचे रबरी बूट (टोप्या) फुगतात.

वायसरचं थोडक्यात: ब्रेक ऑइलच्या नळीच्या बोल्टचे तांब्याचे वायसर एकदा दबले की पुन्हा नीट बसतीलच असं नाही, नवेच घाला. नुसते पॅड बदलताना तो बोल्ट खोलायचाच नसतो.

राहिलं ‘गाडी काढा’. नवे पॅड बसवायला कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं. गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा, मग ब्रेक ऑइलची पातळी बघा.