अडीच तोळ्यांची बोरमाळ, दीड तोळ्याचं सोनं

परवा वाशीत आईची बोरमाळ मोडली. घरात पन्नास वर्षं तिचा उल्लेख 'अडीच तोळ्यांची' असाच. काट्यावर 29 ग्रॅमच्या जरा वर भरली, म्हणजे आई खरंच बोलत होती. तिचा तोळा 11.66 ग्रॅमचा, आपला आता 10 चा.

मग कारागिराने ती मुशीत टाकली, आणि आधी निघाला धूर. काळा, राळेसारख्या वासाचा. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरतात, नाहीतर बोटानेही चेपतील. मूस गार झाल्यावर बटण, म्हणजे आटून घट्ट झालेला गोळा, भरलं 18 ग्रॅम. कॅरेट मीटरने, म्हणजे शुद्धता मोजणाऱ्या मशीनने, कस दाखवला 85 टक्के. बाकी डाख (सांधे जोडायचा मिश्रधातू), तांबं, चांदी. हिशेबात आलं 15.3 ग्रॅम शुद्ध सोनं, आजच्या मापाने दीड तोळा. बायको हळूच म्हणाली, "अहो, सासूबाईंना फसवलं का हो सोनाराने?" फसवलं नाही. लाख काय तेव्हाही लाखच होती, आम्ही कधी विचारलं नाही एवढंच.

मी मात्र आटवूनच मोजा असा हट्ट धरला होता. रबाळ्याच्या एमआयडीसीत माझी पंचवीस वर्षं प्लेटिंगमध्ये गेली. पितळेला सोन्याचा मुलामा चढवून देणाऱ्या माणसाचा वरच्या थरावर विश्वास कसा बसेल? ते कॅरेट मीटरही वरचे काही मायक्रॉनच बघतं.

गंमत म्हणजे आमच्या टाकीत जे सायनाइड, तेच खाणीतही. चांगल्या खाणीत एक टन दगडात सोनं सापडतं जेमतेम काही ग्रॅम. दगड पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवायचं, मग कार्बनवर धरायचं. सायनाइडची युक्ती 1887 ची, कार्बनची नंतरची. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, 2001 मध्ये बंद झाली, पण सायनाइडच्या गाळाच्या टेकड्या तिथे अजून उभ्या आहेत. आपल्याकडे आता सोन्याची मोठी चालू खाण म्हणजे रायचूरची हट्टी.

खाणीतून निघतं ते कच्चं सोनं. रिफायनरीत वितळलेल्या सोन्यातून क्लोरिन सोडतात, चांदी-तांब्याचे क्लोराइड होऊन वर तरंगतात. त्याने साधारण 99.5 पर्यंत जातं. 99.99 हवं तर इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने शुद्ध करणं: अशुद्ध पाटी अ‍ॅनोडला, शुद्ध कॅथोडवर जमा. अगदी आमची टाकी, फक्त उलट हेतूने!

एवढ्या खटाटोपाने शुद्ध केलेलं सोनं आपण पुन्हा डाख-तांबं घालून अशुद्ध करतो, त्यावर घडणावळ देतो, 3 टक्के जीएसटी देतो, आणि त्याला गुंतवणूक म्हणतो. मला यावर राग आहे. दागिना हौसेने घ्या, मिरवा, हरकत नाही. पण मोडताना घडणावळ परत मिळत नाही.

सोन्यावर मात्र माझा राग नाही. 1991 मध्ये परकीय चलन संपत आलं तेव्हा आपल्या देशाने परदेशात सोनंच गहाण ठेवलं होतं. 2015 चे पहिले सुवर्णरोखे, म्हणजे सोन्याच्या भावाशी बांधलेले सरकारी रोखे, 2684 रुपये ग्रॅमने निघाले, 2023 मध्ये 6132 ने परत मिळाले, वर व्याज. रोख्यात लाख नाही, डाख नाही! दुर्दैवाने फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघालेच नाहीत. लेक म्हणते, "बाबा, ईटीएफ घ्या." म्हणजे शेअर बाजारातून घ्यायचा सोन्याचा फंड. घेईन. पण ईटीएफला देवासमोर ठेवता येत नाही, हे तिच्या आईचं म्हणणं. आणि नवा दागिना घ्यायचाच तर हॉलमार्क आणि एचयूआयडी (दागिन्यावरचा ओळख क्रमांक) बघून, हे माझं.

येत्या अक्षय्य तृतीयेला बायको वेढणं, म्हणजे सोन्याचं साधं वळं, घ्यायचं म्हणते. त्याला घडणावळ जवळजवळ नसते, म्हणून मी गप्प आहे.