‘ॲप डिलीट केलं की पैसे कट होत नाहीत’ हा मेसेज प्लीज पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच मेसेज तीन जणांनी टाकला. त्यात लिहिलंय की सिनेमा-सिरीजच्या ॲपचं फ्री ट्रायल बिनधास्त घ्या, मुदत संपायच्या आधी ॲप डिलीट करा, ओटीपी दिल्याशिवाय एक रुपयाही जात नाही, गेलाच तर कार्ड ब्लॉक करा, आणि गेलेले पैसे मागत बसू नका, ते परत मिळतच नाहीत. यातलं जवळजवळ काहीच बरोबर नाहीये, आणि असं वाचून पेन्शनवरची माणसं निर्धास्त राहतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिलं, ॲप डिलीट करणं. ॲप म्हणजे फक्त बघायचं साधन, ते फोनमधून काढलं तरी सबस्क्रिप्शन कंपनीकडे चालूच असतं आणि पैसे कापायची परवानगी तुमच्या बँकेकडे किंवा यूपीआयकडे तशीच पडून असते. माझ्या मामांनी 1 रुपयात 7 दिवसांचं ट्रायल घेतलं, सहाव्या दिवशी ॲप काढून टाकलं आणि आठव्या दिवशी 399 रुपये गेले. तो 1 रुपया भरताना त्यांनी जो पिन टाकला ना, त्याच पिनने ऑटोपे (म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापायची परवानगी) मंजूर झालं होतं, स्क्रीनवर जास्तीत जास्त किती रक्कम कापली जाऊ शकते तेही लिहिलेलं असतं, पण 1 रुपया बघून पुढचं कोण वाचतं.

ओटीपीचं इथेच कळतं. ओटीपी किंवा पिन लागतो तो ऑटोपे चालू करताना, एकदाच. नंतर दर वेळी लागेलच असं नाही. रिझर्व्ह बँकेचे ऑटोपेचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून नीट लागू झाले तेव्हा ओटीपीशिवायची मर्यादा 5,000 रुपये होती, जून 2022 मध्ये ती 15,000 केली. मग 399 साठी ओटीपी कुठून येणार? पण त्याच नियमांत आपल्या कामाची एक गोष्ट आहे, पैसे कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज किंवा ईमेल यायला हवा, त्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख असते आणि तो व्यवहार किंवा अख्खं ऑटोपे तिथून थांबवायची सोय द्यावी लागते. मामांनाही आला होता. लोनच्या जाहिरातींच्या ढिगात कुणी उघडलाच नव्हता.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट, म्हणजे ‘मी कॅन्सल केलं होतं तरी पैसे गेले’. यातले बरेच लोक खरं बोलत असतात. कॅन्सल दोन ठिकाणी करावं लागतं हे कुणी सांगतच नाही. सबस्क्रिप्शन जिथून घेतलं तिथेच ते बंद होतं, प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये, आयफोनवरून घेतलं असेल तर सेटिंगमध्ये आपल्या नावावर टॅप करून, आणि थेट कंपनीच्या वेबसाईटवरून घेतलं असेल तर तिथल्या अकाउंटमध्ये. मग दुसरं, ज्या यूपीआय ॲपवरून पिन टाकला होता त्यात ऑटोपेच्या यादीत जाऊन तेही रद्द करायचं. आणि कॅन्सलचं बटण दाबल्यावर लगेच निघून येऊ नका, ‘खरंच जायचंय?’, ‘अर्ध्या किमतीत थांबा’ असे एकामागून एक स्क्रीन येतात, शेवटचं बटण राहिलं तर काहीच कॅन्सल झालेलं नसतं. असं मुद्दाम अवघड करून ठेवणं हे केंद्र सरकारच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे ॲप-वेबसाईटवर ग्राहकाला अडकवणाऱ्या युक्त्यांच्या) नियमावलीत सबस्क्रिप्शन ट्रॅप म्हणून चक्क नोंदवलेलं आहे आणि त्याला मनाई आहे. घरात दोन नंबर असतील तर अजून एक बघा, ट्रायल एका नंबरवर आणि कॅन्सल करायला लॉगिन दुसऱ्याने, असंही होतं.

कार्ड ब्लॉकबद्दल थोडक्यात. ऑटोपे यूपीआयवर असेल तर पैसे थेट खात्यातून जातात, कार्डाचा संबंधच नाही. कार्डावर असेल तर त्यावर लावलेली वीजबिलासारखी बाकीची बिलं अडकतात आणि सबस्क्रिप्शन उभंच राहतं. एका 399 साठी एवढा खटाटोप कशाला?

आणि पैसे परत मिळत नाहीत हे तर मला अजिबात मान्य नाही. मी स्वतः एका ॲपचं ट्रायल मुदतीच्या दोन दिवस आधी कॅन्सल केलं, कन्फर्मेशनचा ईमेल आला, तरी 299 गेले. त्या ईमेलचा स्क्रीनशॉट, पैसे गेल्याची तारीख आणि व्यवहाराचा नंबर एवढंच लिहून कंपनीला पाठवलं, नवव्या दिवशी पैसे खात्यात. आधी कंपनी किंवा प्ले स्टोअर (तिथे पहिल्या 48 तासांत मागितलं तर सोपं जातं). तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915. ऑटोपे रद्द करूनही बँकेने पैसे सोडले असतील तर बँकेत लेखी तक्रार, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, त्याला फी नाही. 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, खोट्या लिंकवरून पैसे गेले असतील तर तिथे ताबडतोब फोन करा, सबस्क्रिप्शनच्या वादासाठी तो नाहीये.

मुदतीत कॅन्सल करायचंच राहिलं असेल तर मात्र रिफंड कंपनीच्या मर्जीवर, तिथे हक्क सांगता येत नाही. मामांचे 399 असेच गेले, कंपनीने नाही म्हटलं. पण त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या फोनमधली ऑटोपेची यादी उघडली तर अजून दोन ॲप निघाली, एक तर त्यांना आठवतही नव्हतं, दोन्ही तिथल्या तिथे बंद केली.